द्वारा लालासाहेब निकम

६ जानेवारी २०२५
फौजी टपाल

मामा,

इथूनच पाया पडते. इथल्या फोनवरून तुम्हाला माझं नीट ऐकू येत नाही आणि तो बोलता बोलता मधेच गप्प होतो, म्हणून पत्र. शिवाय साताऱ्याच्या वसतिगृहात असताना दर महिन्याला तुमचं पाकीट यायचं, ती सवय अजून गेलेली नाही. बारा वर्षं फौजेत डॉक्टर आहे, मेजर झाले, तरी टपाल आलं म्हटलं की माझी मान वर होतेच.

काम आहे. मी घर घेतेय. राहायला नव्हे हं, भाड्यानं द्यायला. मिरजेला मेडिकलला माझ्याबरोबर समीक्षा होती, आठवते? तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. मे अखेरीला ती पुण्याला जाणार, म्हणून विकतेय. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर, कोणी ना कोणी खोली शोधतच असतं. आधी मिरजेत एक, मग साताऱ्यात एक, मग जमलं तर आणखी एक. इथं बाहेर सगळं पांढरं असतं, आवाज कसलाच नाही. दवाखान्याच्या पत्र्याखाली शेगडीजवळ बसून मी ही घरं मनात इतक्यांदा बांधलीत की कुठल्या खिडकीत कुणाचा टॉवेल वाळतोय तेही मला दिसतं.

कर्ज दोन ठिकाणी मिळतंय. एक आमच्या नोकरीतून मिळणारं, त्याला व्याज कमी, हप्ता पगारातूनच कापून जातो. दुसरं बँकेचं, व्याज जास्त आणि तेही वरखाली होणारं. आप्पासोंना विचाराल का? ते विट्यात इतकी वर्षं बँकेत होते.

पण त्याआधी घर बघून या. अडतीस वर्षं तुम्ही कोइमतूरला सोनं गाळलंत आणि अडतीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहिलात. भाडेकरूला काय लागतं हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? समीक्षा हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहते, फ्लॅट रिकामाच आहे. किल्ली तिच्याकडून घ्या.

बंगल्यात थंडी कशी आहे? सगळ्या खोल्या उघडता की नाही?

तुमची शिवा


१९ जानेवारी २०२५
बंगला, विट्याजवळ, आपल्या गावाहून

घरमालकीणबाईंना गरीब मामाचा आशीर्वाद!

तुझं पत्र वाचून एकटाच हसत बसलो होतो. अडतीस वर्षं घरमालकासमोर हात जोडले आणि आता भाचीच घरमालकीण होतेय म्हटल्यावर हसू नको तर काय करू? तुझी मामी असती तर तिनं आधी तुला विचारलं असतं, पाण्याचं भांडण झालं तर बाजू कोणाची घेशील, आमची का तुझी?

मिरजेला जाऊन आलो. घर चांगलं आहे. उन्हं पूर्वेकडून येतात आणि दहा वाजेपर्यंत हॉलमध्ये बसून राहतात. मागच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांचं एक घर आहे. त्यांच्या गच्चीवर भोपळे वाळत घातले होते, एवढाले मोठे, पिवळे. त्यांच्याकडे बघत मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी किती वेळ उभा होतो कोण जाणे, परतीची एसटी चुकली.

पण एकदा बघून मी तुला हो म्हणणार नाही. आमच्या धंद्यात कोणी दागिना आणला तर आम्ही त्याची नक्षी बघून भाव सांगत नाही. आधी मुशीत घालतो, वितळवतो, मग आत किती सोनं आहे ते बोलतो. घराचंही तसंच करायला हवं. पुन्हा जाईन.

आप्पासो म्हणाला, "आवं, व्याज कमी त्ये कर्ज चांगलं, ह्यात इचारायचं काय? पर कागद वाचल्याबिगर सही करू नको म्हणावं पोरीला. बारीक अक्षरातच सगळा खेळ आसतोय." तर बारीक अक्षरं वाच आणि कळव.

बंगल्याचं म्हणशील तर बनुबाई रोज सकाळी येते, नऊच्या नऊ खोल्या उघडते, झाडते आणि लावून घेते. आपल्या गल्लीत अजून तसंच आहे. सोनं गाळणारे सगळे गलाईवाले बाहेर, कोणी सुरतेला, कोणी पाटण्याला, आणि इथं संगमरवरी पायऱ्यांवर पानं पडलेली. जत्रेच्या पंधरा दिवसांत कुलपं निघतात, पोरं जिन्यांवरून धावतात, मग पुन्हा कुलपं. शेजारचा ज्ञानू तर तीन वर्षांत आलेला नाही, त्याच्या दारावरच्या मोरात चिमण्यांनी घर केलंय. मी एकटाच कायमचा परतलेला आहे. लोक माझ्याकडे बघून म्हणतात, लालासाहेबाचं बरं झालं, शेवटी आपल्या घरात आला.

मामा


२ फेब्रुवारी २०२५
फौजी टपाल

मामा,

बारीक अक्षरं वाचली. आप्पासोंना माझा नमस्कार सांगा, खेळ तिथंच होता.

कमी व्याजाच्या कर्जाच्या कागदात एक निवेदन आहे. 'हे घर मी स्वतःच्या आणि कुटुंबाच्या राहण्यासाठी घेत आहे, भाड्याने देणार नाही.' त्याखाली सही. बँकेच्या कर्जाला ही अट नाही, उलट पुढं येणारं भाडं ते माझ्या उत्पन्नात धरतात.

इथं एकजण म्हणाला, "मॅडम, करून टाका सही, कोण बघायला येतंय मिरजेला?" खरं आहे, कोणी येणार नाही. आणि व्याजात वाचतील तेवढ्यात साताऱ्याचं घर दोन-तीन वर्षं आधी होईल. पण मामा, मी दिवसभर सह्याच करते. माझ्या सहीवर एखादा पोरगा वरच्या चौकीवर चढतो नाहीतर खाली पाठवला जातो. ते लोक माझी सही बघतात आणि निमूट निघतात. त्याच हातानं हे कसं लिहू? आणि नाही लिहिलं तर मूर्ख ठरेन का, तेही कळत नाही.

स्वतः राहायचं म्हणाल तर मला कुठं राहायचंय? नऊ बदल्या झाल्या. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, एवढंच माझं घर. त्याचं मला वाईटही वाटत नाही.

तुम्ही घर मुशीत घालायचं म्हणालात, त्याला पंधरा दिवस झाले. तुम्हाला पसंत नसेल तर सरळ सांगा. गप्प राहून नाही म्हणायची तुमची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे.

शिवा


१४ फेब्रुवारी २०२५
बंगला, आपल्या गावाहून

शिवा बाळ,

रागावू नकोस. नापसंत नाही. सावकाश बघतोय.

पहाटे साडेपाचला जंक्शनवर एक गाडी शिट्टी देते, लांब आणि जरा खर्जात. मग सहाला पाणी येतं, त्याआधी नळात हवा बोलते. सात वाजता समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई खाली उतरतात, त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर वेगळा येतो. नऊला उन्हं हॉलमधल्या तिसऱ्या फरशीपर्यंत पोचतात. दुपारी मागच्या गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसतो, म्हणजे तारेखाली दोरा सरकवून सरकवून आवाज उघडतो. तासन्‌तास एकच सूर. आधी बसका असतो, मग हळूहळू त्याला मागून दुसरा सूर फुटतो, आणि मग सगळ्या खोलीत मंद काहीतरी भरून राहतं. त्यात डोळा कधी लागतो कळत नाही. जाग येते तेव्हा भिंतीवरची उन्हं पश्चिमेला गेलेली असतात.

नर्सिंगच्या मुलींना हे घर मिळालं तर त्या नशीबवान.

सहीचं तू विचारलंस. मी शिकलेला नाही, पण सोनं शुद्ध करायच्या तेजाबाजवळ आयुष्य गेलं. खोट लपवता येते, फक्त ज्यानं घातली त्याला ती रोज दिसते. तू ती सही करू नयेस असं मला वाटतं. साताऱ्याचं घर दोन वर्षं उशिरा झालं तर सातारा कुठं जात नाही.

मामा


२५ फेब्रुवारी २०२५
फौजी टपाल

मामा,

पत्राच्या डोक्यावर 'बंगला, आपल्या गावाहून'. पाकिटावरचा शिक्का मिरजेचा. निम्मा पुसलाय, पण मी डॉक्टर आहे, निम्म्यावरूनच ओळखते.

पहाटे साडेपाचची शिट्टी ऐकायला माणूस विट्याहून पहिल्या एसटीनं येत नाही. तुम्ही माझ्या अजून न घेतलेल्या घरात किती दिवस राहताय?

रागावले नाहीये. काळजी वाटतेय. तब्येत बरी आहे ना? दवाखान्यासाठी तर मिरजेत आला नाहीत? माझ्यापासून आजार लपवलात तर मात्र खरंच रागावेन.

शिवा


७ मार्च २०२५
मिरज

शिवा,

यावेळी खरा पत्ता लिहिलाय. आजार नाही. बीपी तुझ्या समीक्षानंच तपासलं, छान आहे म्हणाली.

सव्वीस जानेवारीपासून इथंच आहे. तुझी समीक्षा म्हणाली, काका, खुशाल राहा, घर कळेल. मी एक रात्र म्हणून एक गादी, एक तांब्या आणि तुझ्या मामीचा स्टीलचा डबा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर जरा आडवा झालो आणि शिवा, मला झोप लागली. तुला हे हसण्यासारखं वाटेल. दोन वर्षांत मला अशी झोप लागली नव्हती.

आता सगळंच सांगतो. बंगल्यात मी एकाच खोलीत राहतो. जिन्याखालची, दहा बाय दहाची. बाकी आठ खोल्या बनुबाई झाडते, मी त्यात पाऊल टाकत नाही. मोठ्या खोलीत पलंग आहे, सागवानी, मामीनं पसंत केलेला. मामी त्यावर मोजून जत्रांपुरती निजली आणि गेली कोइमतूरच्या खोलीत, माझ्या हातांवर. परतल्यावर पहिल्या काही रात्री मी त्या पलंगावर पडलो, तर नुसता छताकडे बघत राहिलो. केवढं उंच छत बांधलंय मी. खाली कोणाची पावलं नाहीत, नळ वाजत नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. हे घर मी बांधलं, पण त्यात राहायला मी शिकलोच नाही.

कोइमतूरला एक तारखेला सकाळी पाट्टी दार वाजवायची. पाट्टी म्हणजे आजी, आमची घरमालकीण, तुला आठवतेच. भाडं घ्यायला यायची, पण पहिला शब्द भाड्याचा नसायचा. "साप्टाच्चा?" जेवलास का? अडतीस वर्षं एक महिना चुकला नाही. मामी गेली त्या महिन्यात पाट्टीनं भाडं घेतलं नाही, वाटीभर रसम आणलं आणि दारातच बसून राहिली. आपल्या बंगल्याचं दार एक तारखेला कोणी वाजवत नाही. मालकाला कोण विचारणार?

तुला आधी का लिहिलं नाही? लाज वाटली. गलाईवाला बंगला सोडून दुसरीकडे राहायला लागला तर गाव म्हणतं, ह्याचा धंदा बुडाला. मग बनुबाईला सांगून ठेवलंय, कोणी विचारलं तर मी वरच्या मजल्यावर झोपलोय म्हण. तुझं पत्र आलं की ती एसटीच्या कंडक्टरबरोबर इकडं पाठवते.

आता मुद्द्याचं. हे घर तू घे. आणि भाडेकरू शोधू नकोस. मला ठेव. बाजारभावानं भाडं देईन, अनामत देईन, रीतसर भाडेकरार कर. खिळे ठोकणार नाही, स्वयंपाक मीच करतो, एकटा माणूस, शांत स्वभाव. आधीच्या घरमालकिणीची शिफारस तुला माहीतच आहे.

लालासाहेब निकम
(अर्जदार)


१८ मार्च २०२५
फौजी टपाल

मामा,

तुमचा अर्ज वाचून मी आधी हसले आणि मग बाहेर जाऊन उभी राहिले. बर्फात डोळे पुसले की पापण्यांना खडे होतात, हे तुम्हाला माहीत नसेल.

एवढे दिवस एकट्यानं काढलेत आणि मला विचारता आलं नाही? मी बंगल्यातल्या खोल्या उघडता का म्हणून पत्रात विचारलं आणि तुम्ही बनुबाईचं नाव पुढं केलंत.

भाड्याचं मात्र विसरा. मामाकडून भाडं घेऊ? आई-आबा गेल्यावर माझं वसतिगृह, माझं कॉलेज तुमच्या त्या भट्टीतून निघालं. तुम्ही घरचे म्हणून राहा, हवं तितकं. आणि बघा, त्यानं माझा गुंताही सुटतो. मी विचारून घेतलं, माझ्यावर अवलंबून असलेलं कुटुंबातलं माणूस राहिलं तर ते 'स्वतःच्या राहण्यासाठी'च धरतात. म्हणजे कमी व्याजाचं कर्ज मिळेल आणि सहीही खरी. अवलंबून म्हणून तुमचं नाव घातलं की झालं. अर्ज मागवलाय.

सगळं कसं जमून आलं! मला कालपासून तो तंबोरा ऐकू येतोय.

शिवा


२८ मार्च २०२५
मिरज

शिवा,

अर्ज परत पाठव. मी कोणावर अवलंबून नाही.

तू चांगल्या मनानं लिहिलंस, मला कळतं. पण मामानं भाचीला द्यायचं असतं, भाचीचं फुकट खायचं नसतं. मंडपात हात धरून न्यायची संधी तू मला दिली नाहीस, एवढं तरी राहू दे. आणि खरं सांगू? पाहुणा म्हणून मला इथं झोप लागणार नाही. पाहुण्याला कोणी काढत नाही, पण त्याचा त्यालाच आपला भार वाटतो. भाडं दिलं की माणूस ताठ बसतो. उशिरा उठतो, मोठ्यानं खोकतो, दार लावून घेतो. ती खोली त्या महिन्यापुरती त्याची असते. मला तेवढंच पुरतं. त्याहून जास्त मिळालं की मी गोंधळतो, बंगल्यात बघितलंस ना.

माझ्यापायी तू जास्त व्याज भरावंस असंही मी म्हणणार नाही. तेव्हा तू ते स्वस्तातलं कर्ज घे, दोन-तीन वर्षांनी स्वतः येऊन राहा. मी गावाकडे जातो. किल्ली आज समीक्षाला दिली. गादी तिच्या क्वार्टरमध्ये ठेवलीय, एसटीत चढवेना.

निघताना कारागीर गच्चीवर होता. त्यानं हात केला, मीही केला.

मामा


४ मे २०२५
फौजी टपाल

मामा,

महिना झाला, पत्र लिहिलं नाही. दोन लिहिली, फाडली. त्यात मी तुम्हाला हट्टी, अडेल असं बरंच काही म्हटलं होतं.

मग अर्ज भरायला कचेरीत गेले. तिथले सुभेदार माझी फाईल काढून बसले होते. म्हणाले, "मॅडम, कायमचा पत्ता बदलायचाय का? जुना तामिळनाडूतला दिसतोय." मी फाईल माझ्याकडे वळवली. बारा वर्षांपूर्वी भरती होताना माझ्याच अक्षरात लिहिलेलं. निकटचा नातेवाईक, लालासाहेब निकम. कायमचा पत्ता, द्वारा लालासाहेब निकम, वरचा मजला, मग पाट्टीच्या घराचा नंबर, कोइमतूर.

मामा, मला काही झालं असतं तर या बारा वर्षांत फौजेचा माणूस तो जिना चढून तुमचं दार वाजवणार होता. आणि मी घर म्हणून लिहून दिली ती भाड्याची खोली होती. तेव्हा आपला बंगला बांधून झालेला होता, मला तो पत्ता पाठ होता, तरी हात त्या खोलीकडेच गेला. सुट्टीत मी तिथं खिडकीखाली निजायचे, मामी पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवायची, खालून पाट्टीच्या कुकरची शिट्टी यायची. ती खोली आपली नाही असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्ही दर महिन्याला तिचं भाडं भरत होतात म्हणून ती माझी होती.

सुभेदारांनी विचारलं, आता तिथं कोण राहतं? मी म्हटलं, कोणी नाही. दोन वर्षं माझा कायमचा पत्ता रिकामा होता आणि मी इथं काळ्या ट्रंकेच्या गोष्टी सांगत होते. ट्रंकेचं मला वाईट वाटत नाही असं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं.

तुम्हाला घरचं म्हणून अवलंबून लिहायला निघाले, ते माझ्या सोयीसाठी. तुम्ही बरोबर होतात. तो अर्ज मी कोराच परत दिला.

बँकेचं कर्ज मंजूर झालंय. व्याज जास्त आहे आणि वरखाली होतं, होऊ दे. या महिन्याच्या शेवटी खरेदी. सोबत भाडेकरार पाठवतेय, अकरा महिन्यांचा, बाजारभावानं, अनामतीसह. तुमच्या बाजूची जागा कोरी ठेवलीय, काही अटी घालायच्या असतील तर घाला. घरमालकीण म्हणून माझी एकच अट आहे. दर एक तारखेला मी विचारीन, आणि तुम्ही खरं उत्तर द्यायचं.

जेवलात का, मामा?

मला तुम्ही त्या घरात हवे आहात. भाडेकरू म्हणूनच येणार असाल तर भाडेकरू म्हणून.

शिवा


१ जुलै २०२५
तिसरा मजला, मिरज

घरमालकीणबाई,

आज एक तारीख. जेवलो. वांग्याचं भरीत, भाकरी, आणि समोरच्या नर्सबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं. भाडं तुझ्या खात्यावर सकाळीच गेलं.

करारावर जूनमध्येच सही केली, हे तुला फोनवर ओरडून सांगितलंच. तुला ऐकू गेलं का माहीत नाही. त्यात माझ्या बाजूनं एक अट घातलीय, आप्पासोनं नीट भाषेत लिहून दिली. 'पूर्वेकडची खोली घरमालकिणीची राहील. भाडेकरू ती रोज उघडेल, तिला हवा देईल आणि अंथरूण घालून ठेवील. तिला कधीही कुलूप लावणार नाही.' आप्पासो म्हणाला, "आसली अट म्या चाळीस वर्सात बघितली न्हाई. ही कुटल्या कायद्यात बसती?" मी म्हटलं, बसव.

आणखी एक बातमी. बंगला भाड्यानं दिला. हायस्कुलात तीन शिक्षिका नव्या आल्यात, त्यांना जागा मिळत नव्हती. गावात जे बोलायचं ते बोलून झालं. बनुबाई मात्र काल फोनवर म्हणाली, "आवं, मोठ्या खोलीत बाया गानी म्हनत्यात, वट्ट्यावर कापडं वाळत्यात. लय बरं वाटतंय बगा, आता झाडायला कचरा तरी घावतोय." तुझ्या मामीच्या पलंगावर त्यातली एक निजते. मी एक तारखेला फोन करून तिघींना विचारतो, जेवलात का गं. त्यांना वाटतं म्हातारा जरा चक्रम आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. परवा दुपारी मी झोपेत होतो. तंबोऱ्याचा सूर लागलेला होता, मी कोइमतूरला आहे का मिरजेत हे माझं मलाच कळत नव्हतं, आणि त्यात दार वाजलं. मला वाटलं पाट्टी आली. उघडलं तर पोस्टमन. तुझ्या फौजेचं पाकीट. त्यावर लिहिलेलं, मेजर शिवांजली, द्वारा लालासाहेब निकम, भाडेकरू. पोस्टमन दारावरची तुझ्या नावाची पाटी बघत पाकीट फिरवत होता. म्हणाला, "काका, घर कुनाचं? त्यांचं का तुमचं? मालकीनच भाडेकरूच्या पत्त्यावर ऱ्हाती, आसं कुटं आसतंय व्हय?" मी म्हटलं, आमच्यात असतं.

आत तुझ्या नव्या पत्त्याची खात्री करायचा कागद होता. वर तुझं नाव आणि हा पत्ता, मग माझं नाव, माझं तुझ्याशी नातं, आणि खाली तुझ्याबद्दल एकच प्रश्न. ही व्यक्ती वरील पत्त्यावर राहते काय?

तो कागद घेऊन मी तुझ्या खोलीत जाऊन बसलो. खिडकी उघडी होती. गच्चीवरचे भोपळे पावसासाठी आत नेलेत, पण एक राहून गेला होता, त्यावर उन्हाची तिरीप आलेली. तुझ्या अंथरुणावरची चादर सकाळीच बदलली होती. मी पुष्कळ विचार केला, कारण तू सहीबद्दल किती काटेकोर आहेस ते मला माहीत आहे.

मग लिहिलं, हो, इथंच राहते. आणि सही केली.

खोटं तर नाही ना लिहिलं मी, शिवा?

मामा